लखुजीराव लेकीच्या हातचं पाणी प्यायले, हे पटलं का तुम्हाला?

घाटाखालची लेक

मालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चाहते एकीकडे, शिव्या घालणारे दुसरीकडे आणि प्रसंग राहतो बाजूला. राजघराण्यावरची आहे, जिजाऊंची आहे, एवढं पुरे.

मंगळवारचा भाग ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी सांगते. खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्या धुमश्चक्रीत जिजाऊंचे भाऊ, जाधवांचे दत्ताजी गेले, शहाजीराजांचे चुलतभाऊ, भोसल्यांचे संभाजी गेले, तेव्हापासून जिजाऊंचं माहेर तुटलेलं. आता लखुजीराव फौज घेऊन जावयाच्याच मागावर आहेत. शहाजीराजे पुढे निघून गेलेत आणि वाटेत गाठ पडते ती पोटुशी लेकीची. बाप घोड्यावरून उतरतो. "चल सिंदखेडला" म्हणतो. ती नाही म्हणते. एवढंच. मग दासीच्या हातातला तांब्या ती स्वतः घेते आणि बापापुढे धरते.

लखुजीराव नुसते त्या तांब्याकडे बघत राहतात. दुसऱ्यांदा पाहताना मी मोजलं, चौदा-पंधरा सेकंद तरी असतील. मागचं संगीतही बंद. मग तांब्या घेतात, वरून पाणी ओततात, अर्धं दाढीवरून चिलखतावर सांडतं. आणि तांब्या परत देताना खालून दुसरा हात लावून देतात. लहान पोराच्या हातात भरलेलं भांडं देताना आपण लावतो ना, तसा.

माझं माहेर घाटाखाली, सासर घाटावर, लोणारकडे. लग्नाला अकरा वर्षं झाली. बाबा वर्षातून दोनदा येतात. येताना तुरीची डाळ, हळद, एखादं कोहळं. ओसरीवर बसतात आणि पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढतात. दान दिल्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही रीत. पहिलं मूल झालं की मोडते म्हणतात, माझी दोन झाली तरी मोडली नाही. उन्हाळ्यात ती बाटली गरम झालेली असते, तरी तेच पितात. म्हणून तो तांब्या बघून मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. सासूबाई विचारत होत्या, काय झालं.

इतका खरा बाप-लेकीचा प्रसंग मी तरी टीव्हीवर पाहिला नव्हता. तुम्हाला काय वाटलं?

कागदाशिवाय बोलू नका

प्रसंग सुंदर, पण इतिहास गंडलाय. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. राज्य सरकारनेही 2001 मध्ये हीच तारीख मान्य केली. लखुजीरावांची हत्या जुलै 1629, देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारी. आता बोटं मोजा. बाप गेला तेव्हा जिजाऊंना फार तर तिसरा महिना. मालिकेत पोट दाखवलंय आठव्या महिन्याचं. ज्या बापाला मारून पाच महिने झाले तो पाणी प्यायला आला कुठून?

ही भेट बखरींतली. बखरी घटनांनंतर कितीतरी काळाने लिहिल्या गेल्या, हे विसरून कसं चालेल?

बैलबंडी

1627 मानणारेही आहेत बरं का. वैशाख शुद्ध द्वितीया शके 1549. त्या हिशोबाने लखुजीराव जिवंत आहेत आणि पोटही बसतं.

कागदाशिवाय बोलू नका

मालिकावाले शिवजयंतीचा खास भाग 19 फेब्रुवारीला दाखवणार आणि पोट मात्र 1627 चं वापरणार? एक काहीतरी धरा.

घाटाखालची लेक

दादा, जिजाऊंना शिवबांच्या आधीही मुलं झाली होती. थोरले संभाजीराजे होतेच. मालिकेने ते पोट शिवबांचं केलं ही त्यांची चूक, मान्य. पण पोटुशी लेक आणि रागावलेला बाप, यात न पटण्यासारखं काय आहे? माझा प्रश्न तांब्याबद्दल होता.

रात्रपाळी

मी हा भाग वावरात पाह्यला. आमच्या फिडरले या हप्त्यात लाइन रातची हाय, अकरा ते पहाट. हरभऱ्यावर तुषार लावले आन् धुऱ्यावर शेकोटीपाशी मोबाइल घेऊन बसलो. तो तांब्याचा सीन आला आन् तिकडं नोझल अडकलं. गेलोच नाई बापा. अर्धा तास एकाच जागी पाणी पडत रायलं.

मले दोन पोरी. थोरलीचं लगन झालं गेल्या साली, वाशीमकडं देली. मी बी पेत नाई तिच्या घरचं पाणी. पण काहून, हे मले कोणी इचारलं नाई आन् मी बी सोताले इचारलं नाई. आमचा बाप पेत नोता म्हून मी पेत नाई. लखुजीराव पेले त मी कोण लागून गेलो?

झाडीपट्टी

आमच्या घरात तर अशी रीतच नाही. बाप आला की आधी पाय धुवायला पाणी, मग पाटावर. लेकीकडे न जेवता गेला तर लेक चार दिवस बोलत नाही. सगळा विदर्भ एका तांब्यात बसवू नका.

दस्त क्रमांक

मी तालुक्याच्या गावी दस्तलेखकाकडे टायपिंग करते. त्यामुळे माझं मत जरा कडू लागेल.

तो प्रसंग संपल्यावर काय होतं ते कोणी लिहिलंच नाही. लखुजीराव तोंड पुसतात, घोड्यावर बसतात आणि पुन्हा जावयाच्याच मागे लागतात. म्हणजे लेकीच्या हातचं पाणी पिऊन तिचंच कुंकू पुसायला निघालेला बाप. आणि कॅमेरा कोणावर? बापावर. बापाचे ओले डोळे, बापाची थरथरती दाढी. पोटात लेकरू, नवरा परागंदा, माहेर वैरी, ती बाई तिथं उभी आहे, तिच्या वाट्याला त्या अख्ख्या प्रसंगात किती वाक्यं आली? दोन. मी पण मोजली.

आमच्याकडे रोज असे बाप येतात. खोटे नाहीत, खरंच जीव असतो. लेकीला गाडीवरून उतरवताना हात देतात, "ऊन लागलं का" विचारतात, आणि खिशात हक्कसोडीचा, म्हणजे लेकीने जमिनीतला वाटा सोडल्याचा, मसुदा असतो. मी तो टाइप करते. वाक्यं पाठ झालीत: "माझे लग्नात वडिलांनी भरपूर खर्च केलेला असून, मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता..." मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा, हा कायदा महाराष्ट्रात 1994 ला आला, देशात 2005 ला. फोटोसाठी कॅमेऱ्यात बघा म्हटलं की बायका आधी पदर नीट करतात. लग्नाच्या फोटोला करावा तसा.

पाणी पिणं, न पिणं, दोन्ही बापाला फुकट पडतं हो.

रात्रपाळी

ताई, तीन एकर वावर हाय माह्यं. त्यात दोन पोरी, एक पोरगा. कायचे तुकडे करू आन् कोणाले देऊ? सोयाबीन इकून बियाण्याची उधारी फिटत नाई. तुमी कचेरीत बसून बापाले चोर ठरवता.

दस्त क्रमांक

चोर म्हटलं नाही, काका. एवढंच विचारते, तीन एकर पोराच्या नावावर करताना "कायचे तुकडे करू" हा प्रश्न पडतो का?

रात्रपाळी

पडत नाई. खरं सांगतो, नाई पडत.

रंगमहाल

मी सिंदखेडराजाचाच. बारा जानेवारीला गावात पाय ठेवायला जागा नसते, सगळी गर्दी राजवाड्याकडे, जिजाऊंच्या जन्मस्थानाकडे. लखुजीरावांच्या समाधीकडे वळणारे त्या मानाने थोडे. भलीमोठी दगडी, चौकोनी इमारत आहे. लखुजीराव, त्यांच्याबरोबर कापले गेलेले अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव. एका दिवसात तीन पिढ्या. निजामशहाने बोलावलं म्हणून गेले होते, दरबारात.

दस्तवाल्या ताईंचा मुद्दा जमिनीपुरता पटतो, लखुजीरावांपुरता नाही. ते वऱ्हाडातले तीन एकरवाले शेतकरी नव्हते, मोठे सरदार होते. 1624 ला भातवडीच्या लढाईत सासरा मोगलांच्या बाजूने, जावई निजामशाहीच्या. पाठलाग करणं ही त्यांची चाकरी होती, घरातलं भांडण नव्हतं. चाकरी सोडून लेकीला घेऊन गावी बसले असते तर सिंदखेड वाचलं असतं का? म्हणून पाणी पिऊन परत घोड्यावर बसणं मला सगळ्यात खरं वाटलं. त्याऐवजी तलवार टाकून रडत बसले असते तर मी टीव्ही बंद केला असता.

कागदाशिवाय बोलू नका

पण पाण्याची ही रीत सतराव्या शतकात देशमुख-सरदारांच्या घरात होती याला आधार काय? आजची ओसरी उचलून तिकडे ठेवलीय. शिवाय ते चिलखत. लेकीला भेटायला अंगावर चिलखत?

बैलबंडी

फौज घेऊन आलेत ना राव, हुरडा खायला थोडेच आलेत!

दस्त क्रमांक

रंगमहालवाल्या दादा, चाकरी होती हे मान्य. मग मालिकेने ती चाकरीच दाखवायची. बापाला मालकाचा हुकूम मोडता येत नाही आणि लेकीला बापाचं मन मोडता येत नाही, असं समोरासमोर. तांब्याने ते सगळं गोड करून टाकलं. आमच्याकडेही सही झाली की रसवंतीवर नेतात.

घाटाखालची लेक

रसवंतीवर कशाला बोललात.

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. मी सही केलेली आहे. धाकट्या भावाच्या लग्नाआधी. कोणी दबाव आणला नाही, विचारलंही नाही, फक्त फोन आला की अमुक दिवशी ये, आधार कार्ड आण. मी नवीन साडी नेसून गेले. बाबांनी बाहेर उसाचा रस पाजला, मोठा ग्लास. बर्फ नको म्हणाले रसवाल्याला, हिचा घसा धरतो. मला आजपर्यंत त्या दिवसाचं वाईट वाटलं नव्हतं, आणि आज वाटतंय की नाही तेही नक्की सांगता येत नाही. घसा धरतो हे त्यांच्या लक्षात होतं, हेच लक्षात राहिलंय.

ताई, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तांब्या खोटा होता असंही नाही म्हणणार. खालून लावलेला तो दुसरा हात तुम्ही पाहिलाच नाही, असं मला वाटतं.

दस्त क्रमांक

पाहिला. त्याच हाताने पुढे लगाम धरला, तेही पाहिलं.

रात्रपाळी

आज दुपारी पोरीकडं गेलो होतो. बियाण्याच्या दुकानात काम होतं, तिथूनच वळलो. तिनं नेहमीसारखं इचारलं नाई पाण्याचं, तिले माहीतच हाय. मीच म्हटलं, दे गं जराक. ते सयपाकघरात गेली न् लय येळ आलीच नाई. मले वाटलं कोणाले सांगते का काय. आली त इष्टीलचा पेला आन् वर बशी झाकलेली, पाव्हण्याले देतात तसा. दोघंबी काई बोललो नाई. पाणी फ्रिजचं होतं, दात कळकळले.

वावराचं काई ठरवलं नाई. खोटं काहून सांगू.

झाडीपट्टी

आणि जेवलात का?

रात्रपाळी

नाई. लाइन येणार होती अकराले, नोझल साफ करायचं होतं.

बैलबंडी

उद्याच्या भागात देवगिरीचा दरबार दाखवणार म्हणे. ज्यांची लाइन रातची आहे त्यांनी आधीच स्प्रिंकलर बघून घ्या.