बहिणीचं बाळ मी पोटात वाढवलं, पण कायद्यातलं 'विनामोबदला' मला पटत नाही

कृष्णाकाठची

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिची नणंद मागे लागली आहे, आमच्यासाठी सरोगेट हो, म्हणजे आमचं बाळ तुझ्या पोटात वाढव म्हणून. "तू झालीस ना, मग काय काय होतं ते सगळं सांग." दीड तास बोलले तरी निम्मं राहिलं. म्हणून इथे लिहिते. माझं एक मतही आहे, त्यावर तुम्ही काय म्हणता ते हवंय.

ताईच्या पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, गर्भपिशवी काढावी लागली. बाळही गेलं. अंडाशय मात्र शाबूत राहिले. म्हणजे बीज ताईचं आणि दाजींचं, पिशवी माझी. बाळाशी माझं रक्ताचं नातं मावशीचं, तेवढंच. सरोगसीच्या कायद्यालाही हेच लागतं, सरोगेटचं स्वतःचं स्त्रीबीज चालत नाही. मी तेव्हा ३१ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. बाई २५ ते ३५ मधली हवी, तिला स्वतःचं मूल हवं, आणि आयुष्यात एकदाच. या सगळ्यात मी बसत होते.

आधी कागद. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला ताईसाठी, माझा शरीराचा आणि मनाचा तंदुरुस्तीचा दाखला, ३६ महिन्यांचा विमा माझ्या नावावर, आणि दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातून बाळ ताई-दाजींचं असेल असा आदेश. यात सात महिने गेले. तेव्हा चिडचिड व्हायची. आता वाटतं, तेवढा वेळ मिळाला म्हणून मला नीट विचार करता आला.

मग गोळ्या, पिशवीचं अस्तर जाड व्हायला. दर चार दिवसांनी सोनोग्राफी, "अजून थोडं वाढू दे." लॅबमध्ये तयार झालेलं भ्रूण पिशवीत सोडायचं काम दहा मिनिटांचं, दुखत नाही. फक्त लघवी तुंबवून ठेवावी लागते, त्याचाच त्रास. पहिल्या वेळी राहिलं नाही. चौदा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला आणि ताई माझ्यासमोर एक शब्द बोलली नाही. रात्री मी संडासात जाऊन रडले. तिचं मूल माझ्या पिशवीनं टाकलं, असं मनात घट्ट बसलं होतं. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते: हे होतं.

दुसऱ्या वेळी राहिलं. त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत रोज कमरेत प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे गर्भ टिकवायच्या संप्रेरकाचं, इंजेक्शन. ते तेलातलं असतं, घट्ट, हळूहळू सोडावं लागतं. आमचे हे द्यायला शिकले. आधी बाटली हातात धरून कोमट करायचे, मग टोचायचे, मग गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. तरी दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी झाल्या होत्या.

डोहाळजेवण ताईच्या घरी झालं. पाटावर कोणाला बसवायचं यावर बायकांची कुजबुज सुरू झाली. ताईच्या सासूबाईंनी दुसरा पाट आणवला आणि आम्हा दोघींच्या ओट्या एकदमच भरल्या. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

सदतिसाव्या आठवड्यात बीपी वाढलं, सिझेरियन झालं. मुलगी. ताईच्या हातात दिली तेव्हा वाईट वाटलं का, असं सगळे विचारतात. नाही वाटलं. वाईट वाटलं तिसऱ्या दिवशी. गोळी दिलेली असूनही दूध उतरलं, गाऊन भिजला, आणि खोलीत बाळ नव्हतं.

आता माझं मत. मी घरी शिवणकाम करते, ब्लाउज आणि ड्रेस. बीपी वाढल्यावर डॉक्टरांनी मशीन बंद करायला लावलं. पुढे सिझेरियनचा टाका. अख्खी लग्नसराई गेली, कायमची गिऱ्हाईकं दुसरीकडे लागली. डॉक्टरांना फी मिळाली, वकिलांना मिळाली, लॅबला मिळाली. माझी बुडालेली कमाई मात्र घ्यायची म्हटलं तर वकील म्हणाले, जपून. ताईला मला पाटल्या करायच्या होत्या, त्यालाही ते नको म्हणाले, कारण रोख काय नि वस्तू काय, औषधपाणी, विमा आणि नियमात बसणारा खर्च सोडून सरोगेटला काही देणं म्हणजे व्यावसायिक सरोगसी. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. मला हे पटत नाही. जिच्या अंगावर सगळं पडतं तिला उघडपणे, तिच्या खात्यात मोबदला मिळावा.

निवृत्त सिस्टर

तुमच्या मोठ्या मनाला नमस्कार. पण मोबदल्याला माझा ठाम विरोध आहे.

कायदा येण्याआधी मी मुंबईतल्या एका केंद्रात चार वर्षं होते. सरोगेट बायका नऊ महिने वसतिगृहात राहायच्या. रविवारी मुलं भेटायला यायची. एक तीन वर्षांची पोरगी आईकडे जायलाच तयार नव्हती, बापाच्या पँटीला धरून उभी. आई लांबूनच तिला बिस्किटाचा पुडा दाखवत होती. ती आई मला अजून दिसते. करार इंग्रजीत, सही नाहीतर अंगठा. हप्ता मिळायच्या दिवशी नवरे बरोबर फाटकाशी हजर. नंतर भेटलेल्या बायकांना विचारलं, तर पैसा कर्जात गेला, दिराच्या धंद्यात गेला. "माझ्या नावावर ठेवलाय" असं सांगणारी एकही भेटली नाही.

२००५ ची आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं होती, पण ती पाळायचं बंधन कोणावर नव्हतं. २००८ मध्ये गुजरातेत आणंदला सरोगसीतून मांजी नावाची मुलगी जन्मली. तिचे जपानी आईवडील तिच्या जन्माआधीच वेगळे झाले होते, आणि ती कोणाची हे ठरवताना प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. एवढं झाल्यावरही परदेशी जोडप्यांना बंदी यायला २०१५ उजाडलं आणि कायदा २०२१ मध्ये झाला. तुमच्यासारख्या चांगल्या घरासाठी पैशाचं दार उघडलं, तर त्यातून दलालच आधी आत शिरतील. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

माणदेशी

सिस्टर, पैसा नाही म्हणजे जबरदस्ती नाही, असं तुम्ही धरून चाललात. माझं ऐका.

मोठ्या जाऊबाईंना मूल नाही. सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं. कायद्यात 'इच्छुक स्त्री' लिहिलंय म्हणे. आमच्या घरात माझी इच्छा कोणी विचारली नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुझं काय जातंय, पिशवी रिकामीच आहे ना?" पीठ मळत होते, हात तसाच परातीत राहिला. माझं दुसरं बाळंतपण फार अवघड झालं होतं, झटके आले होते. तरी नाही म्हणायला मला तीन आठवडे लागले. त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. फराळाचं ताट जातं तिकडे, येत नाही.

भ्रूण सोडायच्या आधीपर्यंत संमती मागे घेता येते, हे कायद्यात आहे. एकत्र कुटुंबात ती मागे घेऊन बाईनं राहायचं कुठे? बाहेरची बाई निदान दार लावून घेऊ शकते. आम्हाला त्याच चुलीपुढे बसायचं असतं. माझं मत विचाराल तर सासरच्या नात्यात हे होऊच नये. आणि त्या मैत्रिणीला सांगा, नणंद मागे लागलीय म्हणतेस ना, तिथेच काय ते समज.

वैदर्भीय

मला मोबदला नको वाटतो, पण कारण वेगळं आहे. माझ्या वडिलांना आत्यानं मूत्रपिंड दिलं. अवयवाचा व्यवहार १९९४ च्या कायद्यानं बंद आहे, म्हणूनच ते दान राहिलं. आत्यानं पैसे घेतले असते तर बाबा आयुष्यभर तिच्यासमोर ताठ बसले नसते, आणि तीही नाही. काही गोष्टींचा हिशेब मांडला की नातं विटतं.

कृष्णाकाठची

@वैदर्भीय, आत्याबाईंना माझा नमस्कार. पण मूत्रपिंड एकदा काढून देतात. मी जे दिलं ते रोज उठून द्यावं लागत होतं. उलटी झाली तरी पोराचा डबा, पाय सुजले तरी कपडे. आणि आमचं नातं हिशेबानं नाही विटलं, बिनहिशेबानं थोडं विटलं. ताई सारखी उपकाराखाली दबून बोलते. मी साधं "चहा टाक" म्हटलं तरी धावते. मला माझी भांडणारी ताई परत हवी आहे.

@माणदेशी, झटके आले होते म्हणजे तुम्ही नाही म्हणालात तेच बरोबर होतं. मैत्रिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती.

ठाणेकरीण

मी पलीकडच्या बाजूची. मला जन्मतःच गर्भपिशवी नाही, सोळाव्या वर्षी कळलं. लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं होतं. अंडाशय चांगले आहेत, दाखलाही मिळेल. बाई मिळत नाही. बहीण नाही, वहिनी चाळिशीच्या. अनोळखी बाईनं माझ्यासाठी इंजेक्शनं घ्यावीत, पोट फाडून घ्यावं, कामावरची रजा बुडवावी आणि बदल्यात एक पैसाही घेऊ नये, असं कोणत्या तोंडानं मागू? मला फुकट नकोच आहे. मला द्यायचं आहे, आणि देणं गुन्हा आहे.

दत्तक का नाही, हे कोणी लिहिण्याआधीच सांगते: 'कारा'वर, म्हणजे सरकारच्या दत्तक यंत्रणेकडे, नाव घातलंय, तीन वर्षं होऊन गेली.

निवृत्त सिस्टर

ठाणेकरीण, तुमचं दुःख खरं आहे. तरीही विचारते, रागावू नका. तुमच्यासाठी येणारी ती अनोळखी बाई कोण असेल? बँकेत नोकरी करणारी असेल का? जिच्या घरी खायची ददात आहे तीच येईल, आणि तिचा होकार तिच्या भुकेचा असेल.

ठाणेकरीण

सिस्टर, तीच बाई आज चार घरची धुणीभांडी करते, वीटभट्टीवर जाते. त्या कामाचा होकारही भुकेचाच असतो. तिथे आपण पगार बंद करा म्हणत नाही, पगार नीट द्या म्हणतो.

टोरंटोचा मराठी

आमच्याकडची पद्धत सांगतो. कॅनडात २००४ च्या कायद्यानं सरोगेटला मोबदला द्यायला बंदी आहे, भारतासारखीच. पण झालेला खर्च पावत्या दाखवून घेता येतो. शिवाय काम चालू ठेवलं तर तब्येतीला किंवा बाळाला धोका आहे असं डॉक्टरनं लेखी दिलं, तर बुडालेली कमाईही भरून देता येते. २०२० पासून त्याचे नीट नियम आहेत. कृष्णाकाठच्या ताईंचं मशीन डॉक्टरांनीच बंद करायला लावलं. इथे असत्या तर तेवढे महिने मिळाले असते.

आणखी एक, कारण "पिशवी रिकामीच आहे" हे वाक्य वाचून राहवलं नाही. आमच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या आठ लाखांहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. आपोआप राहिलेल्या गर्भारपणात आईला गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाण २.३ टक्के होतं, आयव्हीएफनं (टेस्ट ट्यूब पद्धतीनं) राहिलेल्यांत ४.३, आणि दुसऱ्यासाठी मूल वाढवणाऱ्या बायकांत ७.८. जास्त रक्तस्राव, वाढलेलं बीपी, हे त्यांच्यात अधिक दिसलं. बहुतेकींचं सुखरूप होतं. पण "तुझं काय जातंय" याचं उत्तर या आकड्यांत आहे.

माणदेशी

दादा, हे आकडे मी वहीत लिहून घेतले.

निवृत्त सिस्टर

बुडालेली मजुरी डॉक्टरच्या लेखी सल्ल्यावर मिळावी, इतपत मी यायला तयार आहे. ते नुकसान भरून देणं झालं. त्यापुढे एक रुपयाही नको, हे माझं मत कायम आहे. आणि विमा ३६ महिन्यांचाच का? सिझेरियनचं दुखणं, पिशवीचे त्रास त्यानंतरही निघतात. मागायचंच असेल तर आधी ते मागा.

कृष्णाकाठची

सिस्टर, विम्याचं मला सुचलंच नव्हतं. माझा पुढच्या वर्षी संपतोय.

पण "त्यापुढे एक रुपयाही नको" हे मला अजून पटत नाही. दोन्हीकडच्या गाठी अजून हाताला लागतात. त्या कोणत्या पावतीत बसवायच्या?

मैत्रिणीनं नणंदेला सहा महिने मागून घेतलेत. मी तिला सांगितलंय: आधी तुझ्या पहिल्या बाळंतपणाची फाइल काढ आणि तुझ्या स्वतःच्या डॉक्टरला दाखव, नणंदेच्या नको. समुपदेशनाला एकटी जा, नवरा आणि नणंद बाहेर बसू देत. एका वेळी एकच भ्रूण सोडायचं हे आधीच बोलून घे, जुळ्यांचा जोर फार पडतो. पोराला पोट दिसायच्या आधी सांग. माझ्याकडून ते सांगायला उशीर झाला. त्याला शाळेतल्या एका मुलानं सांगितलं की तुझ्या आईनं बाळ देऊन टाकलं. त्यानंतर दोन महिने तो माझा पदर धरून झोपायचा, मी त्यालाही देऊन टाकीन म्हणून.

ठाणेकरीण

आता कसा आहे तो?

कृष्णाकाठची

आता बरा आहे. भाची रांगते, तो तिच्या मागे रांगतो. परवा ताई तिला घेऊन आली होती. मशीन परत सुरू केलंय, दोन गिऱ्हाईकं आली आहेत. भाचीसाठी खणाचं परकर-पोलकं बेतलंय, बाही मात्र तिच्या दंडाला अजून मोठी होते.