बिलासाठी घेतलेला नंबर जाहिरातीला जुंपणं कितपत योग्य?

पेठेतला पेन्शनर
दुकानदाराने बिलासाठी मोबाइल नंबर मागितला, आपण दिला, इथवर ठीक. पण त्या नंबरांची एक्सेल फाइल फेसबुकच्या जाहिरात खात्यात अपलोड करायची आणि गिऱ्हाइकाला उठता-बसता आपला माल दाखवायचा, ही मला सरळसरळ लबाडी वाटते. त्याला यातलं कुणी काही सांगितलेलंच नसतं. नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं होतं. काउंटरवर आजही पहिला प्रश्न तोच!

देवगडकर बागायतदार
काका, पेन्शन चालू असताना हे बोलायला सोपं आहे. आमचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. पूर्वी पेट्या वाशीला पाठवायच्या आणि दलालाची पट्टी येईल तो भाव मुकाट्याने घ्यायचा. आता गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांची यादी अपलोड करतो, मग फेसबुक पुण्या-ठाण्यातली तशीच आणखी माणसं शोधून देतं. सरसकट सगळ्यांना जाहिरात दाखवायला मी काही टाटा-बिर्ला नाही. याद्या बंद झाल्या तर मोठे ब्रँड टीव्हीवर जातील, होर्डिंग लावतील. मी परत दलालाच्या दारात. आंब्याची जाहिरात दिसली म्हणून कुणाचं काय वाकडं झालं?

कॅम्पेनवाली
मी एजन्सीत हेच काम करते, म्हणून थोडं आतलं सांगते. "नंबर उघडे जात नाहीत, हॅश होऊन जातात," असं आम्ही क्लायंटला सांगतो. हॅश म्हणजे नंबरावर गणिती प्रक्रिया करून काढलेली अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. पण एका नंबराची माळ दर वेळी तीच येते. फेसबुकही आपल्याकडच्या नंबरांच्या माळा काढतं, दोन्ही जुळल्या की माणूस सापडला. तो सापडावा म्हणूनच तर हा खटाटोप! तेव्हा हॅश केलं म्हणजे ओळख पुसली, असं कुणी म्हटलं तर हसा आणि सोडून द्या.
दादा, आंब्याचं ठीक आहे हो. हीच यादी वंध्यत्वाच्या क्लिनिकची असली तर? तिथे यादीत नंबर असणं हीच खासगी बाब.

देवगडकर बागायतदार
मग क्लिनिकवाल्यांना धरा ना. सुक्याबरोबर ओलं कशाला जाळता?

कलमबहाद्दर
२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काकांच्याच मुद्द्याचं उदाहरण दिलंय. गिऱ्हाईक औषधाच्या दुकानात नंबर देऊन पावती मोबाइलवर मागतं. दुकानदाराने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरावा. जाहिरातीसाठी वेगळी, स्पष्ट संमती हवी. ती मागणारी सूचना मराठीत वाचायची सोय द्यावी लागेल आणि संमती देणं जितकं सोपं, काढून घेणंही तितकंच सोपं ठेवावं लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या तरतुदींना अठरा महिन्यांची सवलत आहे. तोवर चालू द्या तुमचं!

देवगडकर बागायतदार
विचारल्यावर हो कोण म्हणणार?

पेठेतला पेन्शनर
आता कसं बोललात! ॲपलने २०२१ मध्ये आयफोनवर प्रत्येक ॲपला विचारायला लावलं: तुमचा माग काढू का? त्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, फेसबुकने अमेरिकी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन छोट्या धंदेवाल्यांच्या नावाने गळा काढला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं की या बदलापायी वर्षाचं सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल. लोक नाही म्हणतील म्हणून विचारायचंच नाही, हा कुठला न्याय?

देवगडकर बागायतदार
ॲपल काय धुतल्या तांदळासारखं आहे का? ॲप स्टोअरमध्ये त्यांच्याही जाहिराती असतात. आणि त्या छोट्या धंदेवाल्यांत मी होतोच की. फेसबुकने स्वतःसाठी गळा काढला असेल, म्हणून माझी अडचण खोटी ठरत नाही.

कॅम्पेनवाली
ती खरीच आहे. पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी फेसबुक कशाला लागतं? ऑर्डर घेतानाच विचारा, "पुढच्या हंगामात कळवू का?" हो म्हणतील त्यांना व्हॉट्सॲप करा. यादी तुमच्याकडेच राहील. ज्याने आंबा खाऊन पाहिलाय तो नाही कशाला म्हणेल?

देवगडकर बागायतदार
जुनी माणसं आपणहून फोन करतातच, ताई. माझं अडतंय ते नव्या गिऱ्हाइकापाशी. तो कुठून आणू, तेवढं सांगा.