यानासाठीचा सेल आपणच घडवावा की बाजारातून निवडून घ्यावा?

कृष्णाकाठ, सांगली
अवकाशयानासाठी लिथियम-आयन सेल घडवण्यावर सरकारी पैसा घालू नये, ते बाजारातून पारखून घ्यावेत, असे मत आमच्याकडच्या एका व्याख्यानात ऐकले आणि ते मला मुळीच पटले नाही. पृथ्वीलगतच्या कक्षेतला उपग्रह सुमारे ९० मिनिटांत एक फेरी मारतो आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा सावलीत काढतो, म्हणजे त्याची बॅटरी वर्षाला ५ हजारांहून अधिक वेळा उतरते आणि भरते. आपली स्कूटर रोज चार्जिंगला लावली, तरी ३६५ वेळाच. चंद्रावरच्या रात्रीचा प्रश्न याहून अवघड आहे. गारठ्याने सेलमधले द्रावण घट्ट होते, आणि तो तसाच भरायला घेतला तर लिथियम सेलच्या ऋण टोकातल्या ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्याच्यावर धातू होऊन साचते व सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. विक्रम साराभाई अवकाश केंद्राने आपल्या सेलचे तंत्र २०१८ मध्ये १ कोटी रुपयांत भारतीय कंपन्यांना देऊ केले. पुढे १ जानेवारी २०२४ च्या इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५८ या अग्निबाणाच्या उड्डाणात सिलिकॉन-ग्रॅफाइटचे नवे सेल तपासले, ज्यांत किलोमागे जुन्या सेलच्या १५७ ऐवजी १९० वॅट-अवर ऊर्जा मावते. हे काम अर्ध्यावर सोडणे मला घातक वाटते.

अजिंक्यतारा, सातारा
मी इलेक्ट्रिक स्कूटरचे पॅक दुरुस्त करतो, म्हणून हाताखालचे सांगतो. परवा उघडलेल्या पॅकमध्ये सेलचे १३ गट होते. १२ गटांवर मीटर ३.६ व्होल्ट दाखवत होता आणि एकावर २.९. बाहेरून तो गट इतरांसारखाच होता, पण गाडी त्याच्यामुळेच बंद पडली होती. दोष रसायनाचा नव्हता, सारखे सेल जुळवून बसवण्याचा होता. युरोपीय अवकाश संस्थेचा प्रोबा-१ उपग्रह ऑक्टोबर २००१ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून गेला, त्यात बाजारात मिळणारे सेल पारखून बसवले होते, आणि तो २० वर्षांहून अधिक काळ चालला. मग नव्या सेलवर वर्षे घालवण्यापेक्षा चाचणीची यंत्रे का वाढवू नयेत?

कृष्णाकाठ, सांगली
प्रोबाचे उदाहरण बिनतोड आहे, हे मान्य करतो. पण कारखान्याने द्रावणाचे मिश्रण बदलले आणि मॉडेल क्रमांक तोच ठेवला, तर तुमची वर्षभराची चाचणी वाया जाते, आणि आपल्यासारख्या चार-दोनशे सेलच्या गिऱ्हाइकाला ते कळवायला कोणी बांधील नसतो.

माणदेशी, दहिवडी
आपण दोघेही सेलच्या आतच पाहत आहात. ऑपॉर्च्युनिटी ही बग्गी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली आणि जून २०१८ पर्यंत लिथियम-आयन बॅटरीवर चालली, त्यात किरणोत्सारी पदार्थाच्या लहान शेगड्यांनी बॅटरीला दिलेल्या उबेचा वाटा मोठा होता. चांद्रयान-३ चे विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्रावरच्या रात्रीनंतर जागे झाले नाहीत, याचे खापरही बॅटरीवर फोडू नये, कारण ती मोहीम चंद्राच्या एकाच दिवसासाठी, म्हणजे आपल्या सुमारे १४ दिवसांसाठी, आखलेली होती. पैसा आधी उबेवर घालावा.

कृष्णाकाठ, सांगली
उबेचे म्हणणे पटले. मात्र शेगडी विजेची असेल तर ती त्याच बॅटरीतून वीज ओढणार, आणि सेलमध्ये नेमके काय भरले आहे हे ठाऊक नसेल तर ती किती अंशांना पेटवायची, हेही आपण अंदाजानेच ठरवणार.