मदत हवी आहे: अंदमानात स्कूबा, नॉर्थ बे की हॅवलॉक?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. जानेवारीत सहकुटुंब अंदमानला निघतोय. सोबत सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवून नॉर्थ बेला (जुन्या लाल २० च्या नोटेवरचा दीपस्तंभ तिथलाच!) डाइव्ह उरकावी, की फेरीने हॅवलॉकला जाऊन निमो रीफला करावी? निमोला किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरतात म्हणे. मुलासाठी मला तेच बरं वाटतं. पट्टीचा पोहणारा आहे, पण नेहरू पार्कच्या तलावात. समुद्र वेगळा.

नवशिक्यांना प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटर नेतात आणि वय किमान १० लागतं, म्हणजे धाकटी बाद. तिला आणि सासूबाईंना हॅवलॉकच्याच एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग किंवा काचेच्या तळाची बोट, यांपैकी काय जमेल?

मुलाला लहानपणी दमा होता. फॉर्ममध्ये ते लिहिणारच, पण डॉक्टरांचा दाखला इथूनच न्यावा का? डाइव्हनंतर विमानाआधी १८ तासांचं अंतर ठेवायचं, म्हणून शेवटचा दिवस मोकळा सोडलाय.

मुलांना घेऊन जाऊन आलेल्यांनीच सांगा. एजंटचे नंबर नकोत, ते ढीगभर आलेत.