एकाच विषयाचे तीन टॅग, एकत्र कसे करू?

प्रश्न: वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायची प्रणाली) ३०० लेख, टॅग (लेखांना लावायची विषयाची लेबले) ४५०! 'छायाचित्र', 'छायाचित्रे', 'फोटोग्राफी' असे वेगवेगळे पडलेत. प्रत्येक लेख न उघडता एक करता येतील का?

उत्तर १: येतील. लेखांच्या यादीत नको असलेल्या टॅगवर क्लिक करा, तेवढेच लेख दिसतील. सगळे निवडून 'बल्क एडिट'मध्ये (अनेक लेख एकदम बदलायची सोय) योग्य टॅग लिहा. तिथे नवा टॅग जोडला जातो, जुना निघत नाही. तो नंतर टॅगच्या पानावरून डिलीट करा. लेखांना धक्का लागत नाही. आधीच डिलीट केलात तर मात्र त्यात कोणते लेख होते हे शोधत बसाल.

उत्तर २: जुन्या टॅगची लिंक ४०४ (पान सापडले नाही) देईल, ती नव्या टॅगकडे कायमची वळवणारा ३०१ रीडायरेक्ट लावा.

उत्तर ३: आणि फक्त एकाच लेखाला लावलेले टॅग? वाचक क्लिक करून परत त्याच लेखावर येतो. उडवा सरळ.