फोटोशॉप शिकताना केलेले घोटाळे: या, लिहा आपापले

कोथरूडची_आत्या
भाची डिझाईनच्या पहिल्या वर्षाला आहे. काल लॅपटॉप घेऊन आली, म्हणे आत्या सगळं झालंय पण हा पतंग हलतच नाहीये गं. बघते तर बाईसाहेबांनी आख्खं पोस्टर बॅकग्राउंड लेअरवर, म्हणजे सगळं एकाच थरावर, रंगवलेलं. मला इतकं हसू फुटलं की ती रुसलीच.

कारण २००३ मध्ये मी अगदी हेच केलं होतं. फोटोशॉप ७, विषय रात्रीचा शनिवारवाडा. चार दिवस खपून दिल्ली दरवाजाचे खिळे न् खिळे रंगवले. सर म्हणाले छान, चंद्र जरा डावीकडे घे. घेतला, तर मागे चंद्राएवढंच पांढरं भोक! आकाशात दोन चंद्र. सर चष्मा वर करून म्हणाले, "यातला खरा कुठला?" घाबरून कंट्रोल झेड दाबत सुटले, पण तेव्हा ते एकच पाऊल मागे जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की परत होतं तिथेच. भोक गेलं, आलं, गेलं, आलं. वर्ग लोळायचा बाकी होता. लेअर १९९४ पासून होते म्हणे, तिसऱ्या व्हर्जनपासून. मला नऊ वर्षांनी कळले. शेवटी एका मैत्रिणीने ट्रेसिंग पेपरचे तीन तुकडे एकावर एक ठेवून दाखवले तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. भाचीला काल तेच करून दाखवलं, फक्त ट्रेसिंग पेपर घरात नव्हता, पोह्याच्या पापडाच्या पिशव्या घेतल्या.

फ्लेक्सवाला_दादा
आमचा किस्सा. दुकानात नवीन लागलो होतो, दहा बाय वीस फुटी फ्लेक्स. कुठेतरी वाचलेलं की प्रिंटला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतो म्हणजे लागतोच. टाकलं. ३६,००० बाय ७२,००० पिक्सेल! मशीन जे बसलं ते बसलंच, मग स्क्रॅच डिस्क, म्हणजे फोटोशॉपला काम करायला लागणारी डिस्कवरची जागा, फुल. साध्या पीएसडीत (फोटोशॉपची स्वतःची फाइल) एका बाजूला ३०,००० च्या वर जाताच येत नाही, ते पण त्याच दिवशी कळलं. शेठ म्हणाले अरे तो चौकात वर टांगणारेत, भिंग घेऊन कोण बघणारे, ७२ ला कर. आणि भाऊंचे फोटो कट करायला पेन टूल वापरायचो, एकेका फ्लेक्सवर बावीस बावीस डोकी. एकदा एका भावी नगरसेवकांचा कान राहिला. संध्याकाळी फोन आला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सायली_जे
कान 😂😂😂

निवांत_पुणेकर
गुरुवार गुरुवार गुरुवार. लाईट जायची, आणि मी सेव्ह केलेलं नसायचं. अजून दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस दाबतो, वर्डमध्ये, एक्सेलमध्ये, सगळीकडे. बायको म्हणते तुझा डावा हात वेगळा काढून ठेव.

मंडळाचा_कार्यकर्ता
मंडळाचा अहवाल मी केला होता हौसेने. स्क्रीनवर भगवा असा झळाळत होता, वा. छापून आला तर वीट! नारायण पेठेतले प्रेसवाले काका शांतपणे म्हणाले, बाळ तू आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम केलंस, स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, आमच्याकडे चार शाया आहेत, तो भगवा त्यात बसतच नाही. हजार प्रती. अध्यक्ष अजून मला विटकर म्हणतात.

सायली_जे
मराठी टाइप करायचा त्रास कोणी लिहिलाच नाही का? लग्नपत्रिका करत होते, 'चि.' मधली वेलांटी च च्या पुढे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी. मग श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) करायचं, आणि दुसऱ्याच्या मशीनवर फाँट नसला की नुसतं गिचमिड. थोड्या जुन्या व्हर्जनमध्ये पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलं की सरळ येतं. फाँट मुक्ता घ्या, फुकट आहे.

आदी_फर्स्ट_इयर
ताई देवासारख्या भेटलात, मी दोन दिवस वेलांट्या हाताने ढकलत होतो 🙏 अजून एक विचारू का, लॅपटॉप आठ जीबीचा आहे, चालेल का? आणि सॉफ्टवेअरचं भाडं परवडत नाहीये.

निवांत_पुणेकर
चालेल रे, फाइल्स लहान ठेव. तोवर गिंप वापर, फोटोशॉपसारखंच सॉफ्टवेअर, फुकट आहे. नाहीतर फोटोपी, ब्राउझरमध्येच चालतं, पीएसडी पण उघडतं. पुस्तक हवं तर एबीसीत (अप्पा बळवंत चौकात) जुनी मिळतात.

फ्लेक्सवाला_दादा
एबीसीला गाडी नेऊ नको फक्त. पार्किंग शोधण्यात कोर्स संपेल.

निवांत_पुणेकर
मेट्रोने जा की, कसबा पेठला उतर.

माई_सदाशिव
मी साठीत शिकले, नातवाकडून. सासूबाईंचा जुना फोटो, पार बुरशीचे ठिपके पडलेले. नातवाने स्पॉट हीलिंग ब्रश हातात दिला, म्हणाला आजी डागावर टिचकी मार की डाग गेला. मग काय, मी सुटलेच. टिक, टिक, टिक. फोटो लख्ख. कौतुकाने ह्यांना दाखवला. हे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, आईचं गोंदण कुठे गेलं? हनुवटीवर तीन ठिपके होते हो, मी बुरशी समजून पुसले. नातू म्हणाला हिस्टरीतून, म्हणजे केलेल्या बदलांच्या यादीतून, परत आणू, पण ती पण वीसच पावलं मागे जात होती, माझ्या टिचक्या शंभर झालेल्या. मूळ स्कॅनवरच सेव्ह केलेलं. शेवटी ह्यांनी आठवून आठवून जागा सांगितली, अजून जरा खाली, हां, आता उजवीकडचा थोडा लहान, आणि मी माऊसने तीन हिरवट ठिपके परत दिले. फोटो देवघराशेजारी आहे. मधला ठिपका किंचित मोठा झालाय माझ्याकडून.

कोथरूडची_आत्या
माई 🥹 फोटोचा कागद आहे ना अजून, परत स्कॅन करता येईल की.

माई_सदाशिव
आहे गं. पण हे म्हणतात राहू दे आता. बरं ते पोह्याचे पापड कुठून घेतेस?