७२९ हा आकडा पुरेसा नाही

बारकोड इस्रायलच्या ७२९ या क्रमांकापासून सुरू होत असेल तर वस्तू इस्रायली समजून परत ठेवावी, हा वरच्या प्रतिसादातला सल्ला सद्‌हेतूने दिलेला असला तरी तो दिशाभूल करणारा आहे. इस्रायली मालावरील बहिष्काराला माझा मनापासून पाठिंबा आहे, म्हणूनच हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. तो क्रमांक कंपनीची नोंदणी कोणत्या देशातील संस्थेकडे आहे एवढेच सांगतो, माल कुठे पिकला किंवा तयार झाला ते नाही. भारताच्या ८९० या क्रमांकाचेही तसेच आहे. इस्रायलच्या ताब्यातील वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या इस्रायली वसाहतीत पिकलेला खजूर युरोपातील एखाद्या कंपनीने आपल्या खोक्यात भरून विकला, तर त्यावर ७२९ दिसणारच नाही.

खरा आधार मूळस्थानाच्या उल्लेखाचा आहे, आणि तो चर्चेत अजून आलेला नाही. वेस्ट बँकमधील रामल्ला शहराजवळच्या प्सागोत या इस्रायली वसाहतीतील वाइन कंपनीने फ्रान्सच्या लेबलविषयक सूचनेला आव्हान दिले, तेव्हा युरोपीय संघाच्या न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल दिला की १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या प्रदेशांतील खाद्यपदार्थांवर त्या प्रदेशाचे नाव असावे आणि माल वसाहतीतला असल्यास तसा स्पष्ट उल्लेखही असावा. ग्राहकाचा निर्णय नैतिक विचारांवर आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पालनावरही अवलंबून असू शकतो, हे न्यायालयाने त्यात मान्य केले, ही गोष्ट मला निकालाइतकीच मोलाची वाटते. तेव्हा युरोपात राहणाऱ्यांनी खोक्यावरचा ‘मूळस्थान’ हा बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा, आणि तो नसेल तर दुकानदाराकडे लेखी विचारणा करावी.